हॅनिबल : एका नष्ट विमानाची पाठचिकित्सा

इंग्लंडमधील हँडली पेज या कंपनीने १९३० च्या सुमारास एचपी ४२ नावाची आठ प्रवासी विमाने बांधली. इम्पीरियल एअरवेजच्या सेवेत ती सुमारे दहा वर्षे उडत होती. १९४१ साल संपले तेव्हा त्यांपैकी एकही शिल्लक नव्हते. आज जगातील कोणत्याही संग्रहालयात या जातीचे मूळ विमान उभे नाही. ज्या कंपनीने ती बांधली ती कंपनीही १९७० मध्ये दिवाळ्यात निघाली. हे विमान आज हवेत दिसू शकते ते एकाच रूपात : बाल्सा नावाच्या अतिहलक्या लाकडाची, तीन-साडेतीन मीटर पंखविस्ताराची आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील रेडिओ-यंत्राने चालणारी प्रतिकृती.

अशी प्रतिकृती बांधणे हा वरवर पाहता छांदिष्टांचा उद्योग आहे आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु मूळ संहिता नष्ट झालेली, हाती केवळ तिच्याविषयीची साधने उरलेली आणि त्या साधनांतून मूळ रूप पुन्हा सिद्ध करावयाचे, ही परिस्थिती मराठीच्या विद्यार्थ्याला चांगली परिचित आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले आणि वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांना अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या. हॅनिबल या विमानाची प्रतिकृती करणाऱ्यालाही याच जातीच्या अडचणींतून जावे लागते. त्या अडचणींचा विचार केला असता ‘मूळाशी प्रामाणिक असणे’ या शब्दप्रयोगाचे काही अर्थ अधिक स्पष्ट होतात, असे मला वाटते. शिवाय अशा प्रतिकृतीत भूतकाळातले काय टिकते आणि काय गळून पडते, हा इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे.

मूळ विमान

पहिले एचपी ४२ नोव्हेंबर १९३० मध्ये प्रथम उडाले. त्याचे नाव हॅनिबल. सगळ्या आठ विमानांची नावे इंग्रजी ‘एच’ या अक्षराने सुरू होणारी, पुराणांतून आणि प्राचीन इतिहासातून घेतलेली होती : हॅनिबल, होर्सा, हॅनो आणि हेड्रियन ही चार पूर्वेकडील मार्गांसाठी, हेराक्लीस, होरेशियस, हेंगिस्ट आणि हेलेना ही चार युरोपातील मार्गांसाठी. ११ जून १९३१ रोजी हॅनिबलने क्रॉयडनहून पॅरिसला जाऊन या विमानांच्या व्यापारी सेवेचा आरंभ केला.

हे अवाढव्य द्विपंखी विमान होते. वरच्या पंखाचा विस्तार १३० फूट, म्हणजे जवळजवळ ४० मीटर. ब्रिस्टल ज्युपिटर जातीची चार इंजिने. त्यांतील दोन वरच्या पंखावर आणि दोन खालच्या. त्या काळच्या इतर द्विपंखी विमानांत दोन पंखांमध्ये तारांचे जाळे असे. येथे त्याऐवजी तिरप्या आधारदांड्यांची कैची होती, रेल्वेच्या लोखंडी पुलाला असते तशी. मागे दोन मजली शेपूट आणि तिला तीन सुकाणू. प्रवाशांच्या भागाला पन्हळी धातूचा पत्रा, त्यामागे कापडाचे आवरण. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या मानानेही मंद. समोरून वारा आला तर खालची आगगाडी पुढे निघून जाते, असे विनोद अशा विमानांवर होत असत. मात्र शांततेच्या काळात या आठ विमानांतून प्रवास करताना एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही, ही गोष्ट या संथपणाच्या जमेच्या बाजूला मांडली पाहिजे.

आतील व्यवस्था आगगाडीच्या आलिशान डब्याच्या धर्तीवर होती. प्रवाशांच्या दोन खोल्या, एक पुढे आणि एक मागे. इंजिनांच्या रेषेत जेथे गोंगाट सर्वांत जास्त तेथे टपाल, सामान इत्यादींची जागा. युरोपातील विमानांत ३८ प्रवासी बसत. पूर्वेकडील विमानांत अधिकात अधिक २४, कारण तेथे टपालाला जागा जास्त लागे. बैठकांच्या संख्येतील हा फरक नुसता तांत्रिक नव्हे. पूर्वेकडचा मार्ग मुख्यत्वे साम्राज्याच्या टपालासाठी होता.

या मार्गाचे पूर्वेकडील महत्त्वाचे ठाणे कराची. सिंध १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा प्रांत झाला. तोपर्यंत कराची मुंबई इलाख्यात होती, हे आज आपल्या सहज ध्यानात येत नाही. लंडनहून येणारे टपाल इम्पीरियल एअरवेजची विमाने कराचीत आणून टाकीत आणि तेथून पुढे ते मुंबई-मद्रासकडे नेण्यासाठी टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला जे चिमुकले पस मॉथ विमान घेऊन आले, त्यात सुमारे २५ किलो टपाल होते. मुंबईतील एखाद्या पेढीला विलायतेचे पत्र त्या काळात आगबोटीच्या आधी मिळू लागले, त्यात या एचपी विमानांचा वाटा होता.

आठ अंत

आता या आठांचे काय झाले ते पाहू. हेंगिस्ट १९३७ मध्ये कराचीच्या हँगरमध्ये आगीत जळाले. होरेशियस नोव्हेंबर १९३९ मध्ये डेव्हन परगण्यातील टिव्हर्टन येथे गोल्फच्या मैदानावर सक्तीने उतरताना मोडले. हेराक्लीस आणि हॅनो ही दोन्ही १९ मार्च १९४० रोजी ब्रिस्टलजवळच्या व्हिटचर्च तळावर वादळाने उलथून टाकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होर्सा सक्तीने उतरल्यावर जळाले आणि डिसेंबरमध्ये डॉन्कॅस्टर येथे हेड्रियन वाऱ्याने दावी तोडून उधळले व मोडले. हेलेना १९४१ मध्ये निकामी ठरले आणि त्याच्या सांगाड्याची नौदलाने कचेरी केली. आठांपैकी तीन विमाने जमिनीवर बांधून ठेवलेली असताना वाऱ्याने नेली, ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागेल.

राहिले हॅनिबल. १ मार्च १९४० रोजी ते इराणच्या किनाऱ्यावरील जास्कहून शारजाकडे निघाले आणि ओमानच्या आखातावर बेपत्ता झाले. विमानात आठ माणसे होती. त्यांपैकी एक सर ए. टी. पन्नीरसेल्वम, मद्रास इलाख्यातील जस्टिस पक्षाचे नेते आणि माजी मंत्री. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला चालले होते. विमानाचे अवशेष सापडले नाहीत.

साधने आणि पाठभेद

प्रतिकृती करणाऱ्याच्या हाती काय असते? काही आराखडे, त्या काळच्या विमानविषयक नियतकालिकांतील वर्णने आणि छेदचित्रे, काही मिनिटांच्या चित्रफिती आणि बरीच छायाचित्रे. हे सगळे एकमेकांशी जुळत नाही. कारखान्यातून निघालेला आराखडा म्हणजे विमान कसे असावे याचा संकल्प. छायाचित्र म्हणजे ते एका विशिष्ट दिवशी कसे होते याची साक्ष. विमान सेवेत असताना दुरुस्त्या होतात, भाग बदलले जातात, अक्षरे पुन्हा रंगवली जातात. हेंगिस्ट आणि हेलेना तर युरोपासाठी बांधली गेली आणि पुढे पूर्वेकडच्या मार्गासाठी बदलून घेतली गेली. म्हणून ‘एचपी ४२ ची प्रतिकृती’ अशी गोष्ट करता येत नाही. कोणते विमान, कोणत्या साली, कोणत्या मार्गावर, हे आधी ठरवावे लागते. पोथीच्या संपादकाला जसा एक आधारपाठ निवडून इतर पाठभेद तळटीपांत द्यावे लागतात, तशीच ही निवड आहे. फरक एवढाच, की विमानाला तळटीप जोडता येत नाही. नाकारलेले पाठभेद कामाच्या वहीत राहतात आणि पाहणाऱ्याला ते कधी कळत नाहीत.

या साधनांत रंग ही एक मोठी उणीव. छायाचित्रे काळीपांढरी आहेत. विमानाचा चंदेरी रंग कळतो, परंतु आतील आसनांच्या कापडाचा रंग लिखित वर्णनावरून घ्यावा लागतो. काळ्यापांढऱ्या चित्रात एखादी छटा गडद दिसते ती निळी की लाल, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. अशा ठिकाणी प्रतिकृतीकार अनुमान करतो. चांगला प्रतिकृतीकार आपण कोठे अनुमान केले आहे हे विसरत नाही, आणि चांगल्या संपादकाचेही हेच लक्षण मानले जाते.

बारावा हिस्सा

त्यानंतर प्रमाण ठरवावयाचे. समजा एकास बारा हे प्रमाण घेतले. मग १३० फुटांचा पंख सुमारे ३.३ मीटरचा होतो. मोटारीच्या टपावर तुकडे बांधून नेता येईल आणि तरीही आकाशात भारदस्त दिसेल, असा हा आकार आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रमाणाची ओळख आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये लिलिपुटची माणसे गलिव्हरच्या बाराव्या हिश्शाची आहेत, आणि तेथील गणिती बाराचा घन करून गलिव्हरला १७२८ लिलिपुटवासीयांचे अन्न लागेल असा हिशेब काढतात. प्रतिकृतीकाराचा हिशेब नेमका हाच आहे. लांबी बारा पटींनी घटली की क्षेत्रफळ १४४ पटींनी घटते आणि वजन १७२८ पटींनी. पूर्ण भरलेल्या मूळ विमानाचे वजन सुमारे १२,७०० किलो होते. त्याला १७२८ ने भागले की ७.३५ किलो येतात. रिकामे विमान सुमारे ८,००० किलोंचे होते; त्याचा हिस्सा ४.६ किलोंच्या आसपास.

हे आकडे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण बाल्साची गरज त्यांतून उत्पन्न होते. तीन मीटरहून लांब असे दोन मजली पंख, चार मोटारी, बॅटऱ्या, चाके, दुहेरी शेपूट आणि चाळीसेक सेंटिमीटरचे अनेक आधारदांडे, एवढे सगळे सात-आठ किलोंत बसवायचे तर सागवान किंवा देवदार चालत नाही. बाल्साचे झाड मुख्यतः इक्वेडोरमध्ये वाढते. पाच ते सात वर्षांत ते तोडणीला येते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात त्याचे लाकूड ‘कठीण’ गटात मोडते, पण नखाने दाबले तरी खळगा पडतो. एका घनमीटरचे वजन साधारणतः १०० ते २०० किलो, म्हणजे सागवानाहून पुष्कळच कमी. आपल्याकडच्या भेंडाची आठवण व्हावी इतके ते हलके. मात्र भेंडात नसलेला ताठपणा त्यात असतो. ‘बाल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तराफा. १९४७ मध्ये थॉर हायेरडालने ज्या ‘कोन-टिकी’वरून पॅसिफिक ओलांडला, तिचे ओंडके याच लाकडाचे होते. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या लढाऊ विमानाच्या सांगाड्यातही बर्चच्या पातळ थरांमध्ये बाल्साचा गाभा होता.

काम करताना बाल्साची प्रत्येक फळी हाताळून पाहावी लागते. एकाच झाडातून वेगवेगळ्या दिशांनी कापलेल्या फळ्या वेगळ्या वागतात. एका प्रकारे कापलेली फळी आडवी सहज वाकते. ती गोलाईच्या आवरणाला उपयोगी. दुसऱ्या प्रकारे कापलेली, बारीक चमकदार ठिपके असलेली फळी वाकत नाही. ती पंखांच्या फासळ्यांना घ्यायची. आराखडा सपाट फळ्यावर पसरून वर पारदर्शक कागद घालायचा, त्यावर मुख्य दांडा टाचण्यांनी बसवायचा, मग एकेक फासळी त्यात उभी करून चिकटवायची. अशा कित्येक फासळ्या झाल्या की पंखाचा सांगाडा दिसू लागतो. त्यावर पातळ आवरण ताणून बसवले की कागदी पतंगासारखा हा ठिसूळ पिंजरा एकदम ताठ होतो. आवरण हा येथे बांधणीचाच भाग असतो. ते काढले तर ताकदही जाते. मूळ विमानाच्या कापडी भागांतही ताणलेल्या कापडाला असेच काम होते. पन्हळी पत्र्याचा भास आणण्यासाठी पातळ कागद किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबून घेतात. तो भास फक्त डोळ्यांसाठी असतो, त्याला वजन पेलावयाचे नसते.

हवेला प्रमाण नसते

येथवरची अडचण कष्टाची होती. यापुढची तत्त्वाची आहे. विमान बारा पटींनी लहान करता येते. हवा लहान करता येत नाही. प्रतिकृती ज्या हवेत उडते ती मूळ विमानाचीच हवा असते, तितकीच दाट आणि तितकीच चिकट. यातून अनेक विपरीत गोष्टी घडतात.

पहिली वेगाची. मूळ विमान ताशी १६० किलोमीटरने उडत असेल तर बाराव्या हिश्शाच्या विमानाने ताशी १३ किलोमीटरने उडावे, असे वाटते. त्या वेगाने ते जमिनीवरून उठणारही नाही. उड्डाणाच्या गणितात वेग बाराने न भागता बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे साडेतीनने, भागावा लागतो. म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. या वेगाने उडताना प्रतिकृती मूळ विमानाच्या संथ गांभीर्याचा भास देते. बांधणारा वजनाच्या बाबतीत ढिला राहिला तर तिला याहून फार वेगाने उडावे लागते आणि मग ती कितीही हुबेहूब असली तरी खेळण्यासारखी दिसते. मूळाचे भारदस्तपण प्रतिकृतीत आणायचे तर ती हलकी करावी लागते, असा हा विरोधाभास आहे.

दुसरी वाऱ्याची. वेग साडेतीन पटींनी घटला, पण वारा घटला नाही. ताशी २० किलोमीटरची झुळूक या प्रतिकृतीला ताशी ७० किलोमीटरच्या वादळासारखी असते. ज्या वाऱ्याने हेराक्लीस, हॅनो आणि हेड्रियन मोडले, त्याच्या बरोबरीचा वारा प्रतिकृतीला कोणत्याही साध्या दुपारी भेटतो. त्यामुळे ती पहाटे किंवा संध्याकाळी, पान हलत नसताना उडवतात.

तिसरी हवेच्या चिकटपणाची. आकार आणि वेग दोन्ही कमी झाल्यावर हवेचा चिकटपणा तुलनेने वाढल्यासारखा होतो आणि मूळ पंखाचा छेद लहान आकारात तितका कार्यक्षम राहत नाही. म्हणून जाणकार बांधणारा छेदात थोडा फरक करतो, किंवा शेपटीचे क्षेत्रफळ किंचित वाढवतो. फूटपट्टी घेऊन पाहणाऱ्या परीक्षकाच्या दृष्टीने ही अप्रामाणिकता आहे. ती न केली तर प्रतिकृती मापांत बरोबर ठरेल आणि उडताना अस्थिर होईल. म्हणजे बांधणाऱ्याला निवड करावी लागते : रूपाशी एकनिष्ठ राहायचे की उड्डाणाशी. अनुवादकाला शब्दाशी आणि लयीशी एकाच वेळी पूर्ण इमान राखता येत नाही, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. बाल्साच्या विमानात हा सिद्धान्त पडताळून पाहता येतो आणि निर्णय चुकला तर त्याचा पुरावा जमिनीवर विखुरलेला मिळतो.

बाहेरचा वैमानिक

अशा विमानाला जमिनीवरून चालवण्याची कला फार जुनी नाही. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास ‘गफ’ नावाचे प्रतिकृती-विमान रेडिओने चालवून दाखवले. ते आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. आरंभीच्या यंत्रणा फार ओबडधोबड होत्या. कळ दाबली की रबराच्या पिळाने सुकाणू एका बाजूला पूर्ण वळे, पुन्हा दाबली की दुसऱ्या बाजूला. दांडी थोडी हलवली तर सुकाणूही थोडेच हलावे, हे साधायला १९६० चे दशक उजाडले. चार इंजिनांच्या प्रवासी विमानाची प्रतिकृती तरीही धोक्याची होती, कारण एक लहान इंजिन मध्येच बंद पडले तर विमान एका अंगाला ओढले जाई. २००० नंतर लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आणि भरवशाच्या विद्युत मोटारी आल्या आणि हॅनिबलसारखी विमाने बांधणे अधिक जणांच्या आवाक्यात आले. १९३१ चे विमान नीट उडवण्यासाठी एकविसाव्या शतकाची मोटार लागावी, यात नवल नाही. भूतकाळाची पुनर्रचना नेहमी वर्तमानाच्या साधनांनीच होते. चार ज्युपिटर इंजिनांची घरघर मात्र या प्रतिकृतीत नसते. तिचा आवाज शिवणयंत्रासारखा येतो.

वैमानिकाच्या जागेचा फरक याहून महत्त्वाचा आहे. मूळ वैमानिक विमानाच्या नाकाशी बसून क्षितिज पाहत असे. प्रतिकृतीचा वैमानिक खाली उभा राहून विमान पाहतो. ते दूर जाताना डावी दांडी डावीकडे वळवते. ते समोरून येऊ लागले की तीच दांडी त्याला पाहणाऱ्याच्या उजवीकडे नेते. नवशिक्यांचे अपघात बहुधा येथे होतात. ज्याला हे जमते तो बाहेर उभा राहूनही मनाने विमानात बसलेला असतो. इतिहासकाराने ज्या काळाविषयी लिहायचे त्या काळात मनाने बसावे आणि तरी आपली जागा विसरू नये, या अपेक्षेशी हे कौशल्य फार जवळचे आहे.

रिकामी आसने

आता या प्रतिकृतीत काय नसते, याचा विचार केला पाहिजे. प्रवासी नसतात. याला तांत्रिक कारण आहे. सत्तर किलोंच्या माणसाचा १७२८ वा हिस्सा म्हणजे ४० ग्रॅम. २४ प्रवाशांचे मिळून जवळजवळ एक किलो. कागदावर ते वजन आपल्या हिशेबात आहे. रिकामे विमान ४.६ किलो आणि भरलेले ७.३५, यांतील अंतर माणसांचे, टपालाचे आणि इंधनाचे आहे. परंतु प्रत्यक्षात कोणालाही चार मोटारी आणि बॅटऱ्या यांसह सांगाडा ४.६ किलोंत बसवता येणे फार कठीण. सांगाडा प्रवाशांचा वाटा खाऊन टाकतो. म्हणून खिडक्यांना काळी काच लावतात, किंवा आत फार तर हलक्या फोमची दोन-चार डोकी ठेवतात. मूळ विमान माणसे आणि टपाल वाहून नेण्यासाठी होते; प्रतिकृती उडू शकते ती त्यांना खाली ठेवल्यामुळे.

आणि जी माणसे मुळातच आत नव्हती त्यांचे काय? ऑक्टोबर १९३१ मध्ये जेरुसलेमच्या अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी तिबेरियस सरोवराकाठच्या सेमख येथे या विमानांची छायाचित्रे घेतली. त्यांत विमानात इंधन भरणारी माणसे दिसतात. प्रतिकृतीकार या चित्रांकडे बारकाईने पाहतो, पण त्याला हवी असते ती आधारदांड्यांची जोडणी. माणसे आड आली तर ती अडचण ठरतात. शारजाचेही असेच. १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेजने तेथील शेखांशी करार करून तळ आणि किल्ल्यासारखे विश्रांतिगृह उभारले. करारातील रक्कम रुपयांत होती, कारण त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानचा रुपया चालत असे. ते विश्रांतिगृह आज अल महत्ता संग्रहालय आहे आणि धावपट्टीच्या जागी शहरातील रस्ता आहे. साम्राज्याचा हवाई मार्ग किनाऱ्यावरच्या करारांनी, पहाऱ्यांनी आणि पाठीवरून वाहिलेल्या डब्यांनी उभा होता. चंदेरी रंगाच्या देखण्या प्रतिकृतीत यातले काहीच येत नाही. जुन्या विमानप्रवासाविषयीची जी हुरहुर अशा प्रतिकृतींभोवती असते, ती बरीचशी या वगळण्यावर पोसली जाते. त्या आसनांत बसण्याचा अधिकार कोणाला होता आणि भाडे किती जणांना परवडत होते, हे प्रश्न तेथे उठत नाहीत.

याच्या उलट आपल्याकडील दिवाळीतला मातीचा किल्ला पाहावा. प्रमाणाच्या दृष्टीने तो अगदी सदोष असतो. दरवाजापेक्षा मावळा उंच, बुरुजापेक्षा महाराज मोठे, तटाशेजारी तितकीच मोठी गवळण आणि विहिरीवर पाणी शेंदणारी बाई. परंतु किल्ला माणसांमुळे असतो हे मुलांना ठाऊक असते आणि त्यांच्या किल्ल्यात इतिहासाची वर्दळ असते. बाल्साच्या विमानात मिलिमीटरचा अचूकपणा आहे आणि वर्दळ नाही. दोन्ही इतिहासाच्या प्रतिकृतीच आहेत. एकीने माप सोडून माणसे ठेवली, दुसरीने माणसे सोडून माप ठेवले.

यावरून प्रतिकृती बांधूच नये असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. एचपी ४२ कसे वळत असेल, वाऱ्यात कसे डगमगत असेल, एवढा अवाढव्य पसारा चार इंजिनांनी हवेत कसा उचलला जात असेल, हे ज्ञान छायाचित्रांत नाही आणि आराखड्यांतही नाही. ते बांधून उडवल्यावरच काही अंशी मिळते. शिवाय ज्या लाकडावर हा छंद उभा आहे, त्याचाही वर्तमान इतिहास आहे. पवनचक्क्यांच्या पात्यांत बाल्साचा गाभा वापरतात. २०१९-२० च्या सुमारास चीनमधून त्याची मागणी एकदम वाढली आणि इक्वेडोरच्या ॲमेझॉन खोऱ्यात, आदिवासींच्या नद्याकाठच्या जंगलांतही, बेसुमार तोड झाली. जगभरच्या प्रतिकृतीकारांना ही गोष्ट वाढलेल्या किमतींच्या रूपाने कळली. म्हणजे १९३१ च्या विमानामागे जशी डबे वाहणारी माणसे होती, तशी आजच्या प्रतिकृतीमागेही ओंडके वाहणारी माणसे आहेत आणि तीही चित्राच्या चौकटीबाहेर आहेत.

संपादक पोथीच्या प्रस्तावनेत कोणती पाने गहाळ आहेत ते नोंदवतो. प्रतिकृतीकाराने आपल्या विमानाच्या सोबतीला ठेवलेल्या माहितीफलकावर तसे करायला हरकत नाही. त्यावर पंखविस्तार, वजन आणि मोटारींची शक्ती लिहिलेली असते. तेथेच आणखी चार ओळी लिहिता येतील : हे विमान १ मार्च १९४० रोजी आठ माणसांसह ओमानच्या आखातावर नाहीसे झाले, प्रतिकृतीत ती माणसे नाहीत, मूळ मार्गावर इंधन भरणाऱ्यांची नावे कोठे नोंदलेली आढळली नाहीत, आणि शेपटीचे क्षेत्रफळ, उडता यावे म्हणून, मूळापेक्षा किंचित वाढवले आहे.